लेखिकेची हरकत नाही

२०२३ सालच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती आणि डब्याच्या तळाशी चिवड्याचा नुसता चुरा उरला होता. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू होतं.

ठाण्याच्या आमच्या कोपरीत कुणाला काही जुनं विचारायचं असलं की लोक सांगतात, मंदाकाकीला विचारा. कुठल्या चाळीच्या जागी कुठली बिल्डिंग उभी राहिली, कुणाच्या लग्नात मांडव कोसळला, सार्वजनिक नळ कोणत्या साली बंद झाले, सगळं मला आठवतं. याचा मला अभिमान होता. दुसरा अभिमान नोकरीचा. एकतीस वर्षं मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते, आणि चुकीसाठी माझा एकही कागद साहेबांच्या टेबलावरून परत आला नाही. ही गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगत असे.

आमच्या कचेरीत एक पद्धत होती. नवं पत्र कोऱ्यावरून सुरू करायचं नाही. मागच्या पत्राचा नमुना समोर ठेवायचा, नाव, गाव, तारीख बदलायची, बाकीचा मजकूर तसाच घ्यायचा. वेळ वाचतो आणि चूक होत नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्या दिवशी दुपारी रत्नदीप लॅपटॉप घेऊन आला. रत्नदीप आमच्या गल्लीतल्या विहाराची अभ्यासिका चालवतो. दिवसा कुरियर कंपनीत नोकरी, संध्याकाळी अभ्यासिका.

"काकी, बसलायत ना? बसूनच राहा," तो म्हणाला. "काय सापडलंय बघा."

पडद्यावर फिकट पिवळं पान होतं. वर नाव, 'सव्वीस खाटा'. खाली लेखिकेचं नाव, रमाबाई.

मी चष्मा पुसून पुन्हा लावला.

रमाबाई माझी मैत्रीण. आमच्या जुन्या चाळीत ती तळमजल्यावर, मी वर. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात ती आया होती. तिथं सव्वीस खाटा होत्या, आणि त्या खाटांवर आलेल्या बायकांविषयी तिनं निवृत्तीनंतर वह्यांमध्ये लिहून काढलं. १९९४ साली कोपरीतल्याच एका छापखान्यात तीनशे प्रती छापल्या. निम्म्या वाटल्या, निम्म्या तिच्या पलंगाखाली राहिल्या. २००५ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला. माझ्याकडची एक प्रत वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

त्या प्रतीवरून मी २००९ साली ते पुस्तक कॉम्प्युटरवर टाइप केलं. डोंबिवलीचा सुश्रुत म्हणून एक इंजिनिअर 'अक्षरओसरी' नावाची साइट चालवायचा. लेखकांच्या संमतीनं मराठी पुस्तकं तिथं फुकट वाचायला ठेवायची, आणि टाइप करायला आमच्यासारखी हौशी माणसं. त्यानंच मला जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. २०१५ साली त्याची नोकरी बदलली आणि साइट बंद पडली. रमाबाई २०२२ च्या जानेवारीत गेली. छापलेलं आणि टाइप केलेलं पुस्तक गेलं ते गेलंच, असं मी धरून चालले होते. माझी ती प्रत तोवर वाळवीनं खाल्ली होती आणि तो जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता.

"हे कुठून आणलंस रे?"

"बंद पडलेल्या साइटींच्या प्रती जपून ठेवणारं एक संग्रहालय आहे इंटरनेटवर. परदेशातलं. त्यात जुना पत्ता टाकला, आणि आलं! अख्खं पुस्तक डाउनलोड केलं मी."

"असं घेतलेलं चालतं का?"

"का नाही चालत? फुकटच होतं की. आणि हे वाचा ना, पहिल्याच पानावर." त्यानं मोठ्यानं वाचलं, "'हे पुस्तक कायम मोफत आहे. कोणीही उतरवून घ्यावे, छापावे, वाटावे. लेखिकेची हरकत नाही.' आता रमाआजीनंच लिहून ठेवलंय म्हटल्यावर काय राहिलं? जानेवारीत तिच्या स्मृतिदिनाला पाचशे प्रती छापायच्या आणि वाटायच्या. विहाराची मंडळी वर्गणी द्यायला तयार आहेत. कव्हर पण झालंय."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

ते वाक्य रमाबाईचं नव्हतं. तिच्या आधी मी कल्याणच्या एका निवृत्त मास्तरांचं पुस्तक टाइप केलं होतं, तिथल्या जुन्या विहिरींवरचं. मास्तरांनी स्वतः समोर बसून ते वाक्य मला सांगितलं होतं. रमाबाईचं पुस्तक घेतलं तेव्हा मी कचेरीतल्या सवयीनं मास्तरांचं पहिलं पान नमुना म्हणून उघडलं, पुस्तकाचं नाव बदललं, लेखकाचं नाव बदललं, 'लेखकाची'चं 'लेखिकेची' केलं आणि पुढच्या पानाला लागले. म्हणजे ते वाक्य माझ्या नजरेखालून गेलं होतं. बोटांनी ते सुधारलंही होतं. त्याचा अर्थ मात्र मनात शिरला नव्हता.

रमाबाई काय म्हणाली होती ते मला चांगलं आठवत होतं. टाइप करताना ती शेजारी खुर्ची घेऊन बसायची आणि छापील पुस्तकातसुद्धा बदल सांगायची. "मंदा, ते 'प्रसूती' काढ गं, 'बाळंतपण' लिही. प्रसूती डॉक्टरणीची होते, आमची बाळंतपणं." साइटचं विचारलं तेव्हा म्हणाली, "टाक की. वाचू देत लोकांना. पण कुणाला छापायचं झालं तर शीलाला विचारून. तिला द्यायला माझ्याकडं दुसरं आहे काय?"

"काकी, काय झालं? रडू आलं का?" रत्नदीपनं विचारलं.

"नाही रे. अक्षर बारीक आहे," मी म्हणाले.

दोन दिवसांनी शीला आली. रमाबाईची ही एकुलती मुलगी. ठाण्याच्या पुढे दिव्याला राहते, खाजगी दवाखान्यात नर्स आहे. दाराशी चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"उशीर झाला मावशी, आज पाण्याचा टँकर यायचा होता. तुम्हाला सांगितलेलं ना मी, आईच्या पुस्तकाचं?"

सांगितलं होतं. दोन वर्षं ती त्याच कामात होती. आईच्या पुस्तकाच्या मूळ वह्या आणि काही न छापलेल्याही तिनं सुट्टीच्या दिवशी बसून उतरवल्या होत्या, प्रसूतिगृहातले फोटो जमवले होते. डोंबिवलीचा एक प्रकाशक नवी आवृत्ती काढायला तयार झाला होता. त्यानं एवढंच विचारलं होतं, की दुसरी प्रत कुठे फिरत नाही ना? शीलानं नाही म्हणून सांगितलं होतं.

"आणि काल त्या रत्नदीपनं व्हॉट्सॲप ग्रुपवर कव्हर टाकलं. कव्हर टाकलं ते टाकलं, अख्खं पुस्तक पण टाकलं. सत्त्याऐंशी माणसं आहेत त्या ग्रुपात! प्रकाशकाचा फोन आलेला मला. म्हणतो, आधी ते मिटवा, मग बघू. मी रत्नदीपला फोन केला तर तो मलाच ऐकवतो, ताई, आजीनंच सगळ्यांना देऊन टाकलंय, तुम्ही कोण अडवणाऱ्या? मी कोण? मी तिची पोरगी!"

मी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही.

"मावशी, टाइप तुम्ही केलंत. आई असं म्हणालेली का? छापा, वाटा, कायम मोफत?"

हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं.

"आठवत नाही गं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्हाला आठवत नाही?"

मग ग्लास उचलून तिनं पाणी प्यायलं, ग्लास स्वतःच मोरीत विसळून ठेवला आणि गेली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दीप्ती राहते. ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. ती लिफ्टची वाट बघत उभी असताना मी तिला गाठलं.

"दीप्ती, फुकट ठेवलेलं पुस्तक म्हणजे कुणीही घ्यावं का?"

"नाही काकू. फुकट वाचायला ठेवलं म्हणून हक्क सोडला असं होत नाही. दारात पाण्याचा माठ ठेवला म्हणून कुणी माठच उचलून नेत नाही ना? साइट बंद पडली, कुठल्या संग्रहालयानं प्रत जपली, त्यानं हक्क बदलत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो वारसांकडे राहतो."

"साठ? म्हणजे तोवर मी थांबायचं म्हणतेस."

ती हसली. "थांबाल तुम्ही. पण काकू, लेखकानं स्वतःच जाहीर लिहून दिलं असेल, छापा आणि वाटा, तर गोष्ट वेगळी. मग ती परवानगीच झाली. ती मागे घेता येते का, कशी, त्यावर भांडत बसावं लागेल. कुणाचं पुस्तक आहे?"

लिफ्ट आली. मी म्हणाले, "सांगते नंतर."

म्हणजे सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते वाक्य माझं होतं.

मला अजूनही एक आशा होती. सुश्रुत प्रत्येक लेखकाकडून संमतीचा कागद घ्यायचा. रमाबाईचा कागद निघाला, त्यात तिचं म्हणणं तिच्या अक्षरात असलं, तर मला काहीच बोलावं लागणार नव्हतं. कागद बोलला असता. मी डोंबिवलीला गेले.

सुश्रुतचे केस पांढरे झाले होते. मला पाहून त्याला फार आनंद झाला. चहा होईपर्यंत त्यानं माळ्यावरची फाइल काढली.

"साइट गेली, पण कागद एकही टाकला नाही काकू. लोकांनी विश्वासानं दिलेली पुस्तकं." तो पानं उलटत गेला. "मास्तर... हे बघा, विहिरीवाले. काय सुंदर अक्षर! आणि त्यांच्यामागे रमाबाई."

रमाबाईच्या जागी अर्धा कागद होता. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'संमती तोंडी मिळाली. मंदाकिनी.' खाली तारीख.

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्या शब्दावर टाकलं होतं ते. तुम्ही सांगितल्यावर मी कशाला कागद मागतो?" तो म्हणाला. "का, काही भानगड झाली का?"

त्याच्या बायकोनं चहाबरोबर खारी दिली होती. ती चहात बुडवली आणि तिथंच विसरले. फाइलीत काही नव्हतं. याचा अर्थ मी गप्प राहिले तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. पुस्तक पाचशे घरांत गेलं असतं, लोकांनी वाचलं असतं, रमाबाईचं नाव झालं असतं. एवढं करून माझीही एकतीस वर्षं शाबूत राहिली असती. जायचं होतं ते फक्त शीलाचं.

परतताना मी दीप्तीला फोन केला. म्हणाले, रविवारी सकाळी अभ्यासिकेत ये. शीलाला आणि रत्नदीपलाही सांगितलं.

अभ्यासिकेत मुलं यायच्या आत आम्ही चौघं लांब टेबलाशी बसलो. रत्नदीपनं छापखान्यातून आलेलं कव्हर समोर ठेवलं होतं. छान झालं होतं, खरं सांगते. शीलानं ते पाहिलं आणि उलटं करून ठेवलं.

"कव्हरानं काय बिघडवलंय तुमचं, ताई?" रत्नदीप म्हणाला.

"विचारून केलं असतंस तर मीच फोटो दिला असता. आईच्या नाकावर चष्मा कुठला आलाय? तिला कधीच चष्मा नव्हता."

"नव्हता?"

"सुईत दोरा ओवायची ती, ऐंशीव्या वर्षी."

मी टेबलावर हात ठेवला. "भांडू नका. मला एक सांगायचंय. ते वाक्य रमाबाईचं नाही. माझं आहे." आणि मग सगळं सांगितलं, मास्तरांचं पान, नमुना, 'लेखकाची'चं 'लेखिकेची', आणि रमाबाई खरं काय म्हणाली होती ते. "शीला, मला आठवत होतं. त्या दिवशीही आठवत होतं."

बाहेर भाजीवाला कांदे-बटाटे ओरडत गेला.

"काकी," रत्नदीप म्हणाला, "मी तुमच्यासमोर ते वाक्य मोठ्यानं वाचलं. तेव्हाच का नाही बोललात? मी वीस लोकांकडं गेलो वर्गणीला. आजीनं लिहून दिलंय, असं सांगत फिरलो. खोटा पडलो ना मी."

"पडलास. माझ्यामुळे पडलास."

"एकतीस वर्षं चूक नाही म्हणे," तो म्हणाला आणि कव्हर गुंडाळून उठला.

"बस रे," शीला म्हणाली. "उठतोस कुठं? माझंही ऐक." मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते वाक्य आईचं नाही ते. साइट चालू होती तेव्हा मीच तिला दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर दाखवलेलं. २०११ असेल. तिनं पहिलं पान वाचलं, म्हणाली, मी कधी म्हटलं असं? मी म्हटलं, मावशींना फोन लावते. तर माझा हात धरला तिनं. म्हणाली, खबरदार. मंदाला लागेल ते. आयुष्यभर चूक नाही केली म्हणून सांगते बिचारी. राहू दे तसंच, कोण छापतंय माझं पुस्तक?"

दहा-अकरा वर्षं ती माझ्या शेजारी बसून चहा पीत होती, आणि मी तिला माझे न परतलेले कागद ऐकवत होते.

"म्हणून मी तुम्हाला नुसतं विचारलं," शीला म्हणाली. "तुम्ही आठवत नाही म्हणालात, मी गप्प बसले. आईनं खबरदार म्हटलेलं ना."

"आणि आज मी बोलले नसते तर?"

"तर मी बोलले असते. मी काय आईएवढी चांगली नाही, मावशी."

दीप्ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "शीलाताई, हे तुम्ही कोर्टात सांगितलंत तर पंचाईत होईल. लेखिकेनं वाक्य पाहिलं आणि साइट बंद होईपर्यंत चार वर्षं तसंच राहू दिलं, म्हणजे तिला ते मान्य होतं, असं समोरचा म्हणेल."

"समोरचा म्हणजे मी का?" रत्नदीपनं विचारलं. तो अजून उभाच होता. "मला नाही कुठं जायचं. मी हक्क सांगायला आलेलो का? ती माझी आजी नव्हती सख्खी, पण माझा जन्म तिच्याच हातचा आहे. सतराव्या खाटेवरचा." तो खाली बसला. "नाही छापत. वर्गणी परत करतो, त्यांना खरं काय ते सांगतो. ग्रुपवर टाकलंय ते काढतो, पण ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्या फोनमधून मी काढू शकत नाही."

"नको काढूस. घेतलं त्यांनी घेतलं," शीला म्हणाली. "सांग त्यांना, वाचा, पुढं पाठवू नका. आणि इथल्या कॉम्प्युटरवर एक राहू दे. इथं येऊन कुणीही वाचावं. आईनं वाचायलाच दिलेलं."

"आणि त्या संग्रहालयातली प्रत?" दीप्तीनं विचारलं. "काढून टाका म्हणून मी पत्र लिहू शकते. वारस म्हणून तुमचा अधिकार आहे."

शीलानं विचार केला. "असू दे ती. एवढं शोधत जो तिथवर जाईल, त्यानं खुशाल वाचावं. फक्त आमच्या पुस्तकात लिहू, खरं काय होतं ते. मावशी, पहिलं पान तुम्ही टाइप कराल का?"

"मी?"

"तुम्हीच. पण कोऱ्यावरून."

रत्नदीपला हसू आलं. ते त्याला आवरेना, आणि मग दीप्तीलाही.

सगळं ठरल्यावर प्रकाशकाला दीप्तीनं पत्र लिहिलं. तो कुरकुरला, पण तयार झाला. माझ्या त्या पहिल्या पानाला चार दिवस लागले. कोऱ्या पानावर काय लिहायचं ते माझ्या बोटांना माहीत नव्हतं. शेवटी रमाबाई जसं बोलली तसंच लिहिलं, की वाचा, दुसऱ्याला वाचायला द्या, छापायचं झालं तर शीलाला विचारा. त्याखाली, साइटवरच्या प्रतीतलं वाक्य टंकलेखिकेच्या चुकीनं आलं होतं, हे माझ्या नावासह.

ही सगळी हकिगत जुनी होऊ लागली म्हणून लिहून ठेवते आहे.

'सव्वीस खाटा' २०२४ च्या सप्टेंबरात निघालं. त्याचा समारंभ विहारात झाला, जागा रत्नदीपनं दिली, खुर्च्याही त्यानंच लावल्या. कव्हरवर रमाबाईचा बिनचष्म्याचा फोटो आहे. रत्नदीपच्या ग्रुपमधल्या लोकांनी पुस्तक घेतलं. किती जणांनी ते मी विचारलं नाही. वर्गणी परत करताना दोघातिघांनी त्याला बरंच ऐकवलं, तेही त्यानं ऐकून घेतलं. माझ्याशी दोन महिने तो कामापुरतंच बोलत होता. मग एक दिवस येऊन म्हणाला, काकी, चिवडा आहे का?

शीला अजून दिव्यालाच आहे. उरलेल्या वह्यांतून दुसरं पुस्तक होईल असं तिला वाटतं. दर रविवारी दोन पानं उतरवते आणि फोनवर मला वाचून दाखवते.

दीप्तीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. सुश्रुतला मी सगळं कळवलं. तो म्हणाला, काकू, मी कागद घ्यायला हवा होता, अर्धी चूक माझी. माझ्या त्या अर्ध्या कागदाला त्यानं नव्या पुस्तकाचं पहिलं पान जोडून फाइलीत लावलं.

मी कोपरीतच आहे. जुनं काही विचारायला लोक अजून येतात. कधी दुपारी रत्नदीपनं शिकवलं त्याप्रमाणे मी त्या संग्रहालयातलं फिकट पिवळं पान उघडते. वाक्य तिथं तसंच आहे. टाइपरायटर होता तेव्हा माझ्या खणात खोडायच्या पांढऱ्या शाईची बाटली असायची. ती तशीच भरलेली राहून एकदा आतल्या आत वाळून गेली, हेही मी रमाबाईला तिच्या शेवटच्या वर्षांत मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हा तिनं चहा ओतला आणि म्हणाली, साखर कमी झाली का बघ.